रिकाम्या काचेतली रेघ

मी सूक्ष्मदर्शक. बोलायला मला तोंड नाही, आणि खरं सांगायचं तर दाखवायलाही उरलेलं नाही.

एका कॉलेजाच्या भंगारातून निघालो आणि बाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीशी येऊन बसलो. बाईंना बुरश्यांचं वेड. कुजलेली फांदी, शिळा पाव, जिथे लोक नाक मुरडतात तिथे बाई डोळा लावायच्या. कोण कुणाची बहीण, कोण लांबची जाऊ, हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. बाईंनी माझ्यातून बघून दोनशे दहा बुरश्यांची घराणी लावली. त्यांचे यजमान शिंपी. ते म्हणायचे, यापेक्षा माणसांच्या सोयरिकी जुळव, निदान जेवणाचं आमंत्रण तरी येईल.

मीही फुशारलो होतो.

मग एक करडी बुरशी सापडली. तिच्या प्रत्येक नमुन्यात फाटे फुटलेली बारीक रेघ. आधीच्या कुठल्याच चित्रात अशी रेघ नव्हती. पंधरा दिवस बाईंनी दुसरं काही पाहिलं नाही. नवी जात म्हणून तिला आपल्या आईचं नाव दिलं. आई अंगठा उठवणारी. शास्त्राच्या मासिकात तिचं नाव छापून आलं तेव्हा बाई ते पान मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून होत्या.

एका दुपारी यजमान सहज माझ्यात डोकावले. "अगं, सासूबाईंची रेघ काय झकास दिसतेय."

"काहीतरीच काय, अहो. नमुन्याची काच मी धुवायला घेतलीय. तिथे काहीच नाही."

बाईंनी माझी वरची, डोळा लावायची काच हळूच फिरवली. रेघही फिरली.

बुरशी मलाच लागली होती. नमुन्यांच्या ओल्या डब्यांच्या शेजारी राहून, तीही बाईंच्या घरात. धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं.

यजमान म्हणाले, कुणाला कळतंय, राहू दे की.

"आईचं नाव आहे म्हणून तर खोटं ठेवता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि लगेच पत्र लिहायला बसल्या. मासिकाच्या पुढच्या अंकात ते नाव रद्द झालं. मला मात्र त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. काच पुसली आणि कामाला लागल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता बाई नाहीत. मी पुन्हा कॉलेजात, कपाटात. खाली पाटी आहे : याच यंत्रातून दोनशे दहा बुरश्या ओळखल्या. पोरं कौतुकाने बघतात आणि माझी मान वर होत नाही.

एवढं करा. पाटीवर आणखी एक ओळ घाला, की यानं एकदा बाईंना फसवलं आणि बाईंनी ते आपण होऊन सगळ्यांना सांगितलं. शेजारी त्यांच्या आईचं नाव लिहा. बुरशीवर नाही राहिलं, निदान इथे तरी राहू दे.