दोन मंगलं

तमिळ मुलखातल्या वेस्ट मांबलमच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नवा टीव्ही भिंतीवर चढत होता, आणि सोफ्याच्या कडेला बसलेल्या सकवारबाई मनातल्या मनात देवाचा धावा करत होत्या.

टीव्ही आला होता त्यांच्याच तक्रारीवरून. दिवाळीपासून त्या लेकाला म्हणत होत्या, "उदया, टीव्ही मंगल दिसतो रे." तंजावरकडच्या त्यांच्या मराठीत तमिळचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं, आणि तमिळमध्ये मंगल म्हणजे अंधुक. सून देविका साताऱ्याची. लग्न होऊन आली त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "दिवा मंगल जळतो गं," तर हिने भक्तिभावाने हात जोडले. सासूबाई बिचाऱ्या तेल मागत होत्या. तेव्हापासून घरात मंगलं दोन झाली, एक साताऱ्याचं, एक तंजावरचं. हसायला एक निमित्त झालं.

उदयसिंहने आईचा शब्द झेलला. "जुनी पेटी कुठवर पुरणार? आता सगळं एचडीत यायला लागलंय. माणसाला आलेला घामसुद्धा दिसतो." नवा टीव्ही, नवा बॉक्स, गच्चीवर नवी डिश. सकवारबाई मनात एकच घोकत राहिल्या. देवा, दोष पेटीचाच असू दे.

कारण पेटीपुरतं होतं कुठे? उंबऱ्यापुढे रांगोळीचे ठिपके मांडताना ओळ तिरकी जायला लागली होती. बसचा नंबर बस पुढे गेल्यावर कळायचा. आणि शुक्रवारी शाळेच्या फाटकात त्यांनी पिवळी रिबीन पाहून नातीचा हात धरला, दहा पावलं चालल्या, तर शेजारून कोवळा आवाज आला, "पाट्टी... आजी, मी सौम्या नाही." मागून खरी सौम्या हाका मारत रस्त्यात धावत आली. रिक्षाचा ब्रेक किंचाळला. रिक्षावाल्याने दोघींचाही उद्धार केला. सकवारबाईंनी पोरीला पोटाशी धरलं. कोपऱ्यावर तिला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली आणि म्हणाल्या, "घरी सांगू नको हं, राजा." पोरीने सांगितलं नाही. चिक्कीही खाल्ली नाही.

घरी येईपर्यंत त्या ओठांत पुटपुटत होत्या.

दिवा दिठीचा गं माझा, वारा लागतो वातीला
बाळा, हात नको सोडू, तुझी बोटं सोबतीला

ही ओवी त्यांच्या आईची. आईही अशीच विझत गेली. तंजावरच्या घरात खांबाला टेकून बसायची, कुणी हातात ताट देईल तेव्हा जेवायची, आणि येणाऱ्या पावलांना विचारायची, कोण ते? पावलं न बोलताच निघून जायची. सकवारबाईंच्या छातीत आता तोच खांब उभा राहिला होता.

"आलं का?" गच्चीवरून डिशवाल्याने तमिळमध्ये ओरडून विचारलं.

"थांबा, थांबा," सौम्या खिडकीतून ओरडली. मग म्हणाली, "आलं."

"अगं बाई," देविका म्हणाली. "मैदानातल्या गवताची पाती मोजून घ्यावीत. त्या बॉलरच्या मिशीत बघा, पांढरा केस आहे एक."

"तुझा नवरा बघ आधी," उदयसिंह हसला. "त्याच्या मिशीत चार आहेत."

सकवारबाईंनी डोळे ताणले. पदराने पुसले. पुन्हा ताणले. धुक्यात हिरवं काहीतरी सांडलेलं, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची हालचाल. जुन्या पेटीत होतं तेच धुकं, तितकंच. पेटी निर्दोष सुटली होती.

"आई, कसं दिसतंय?" देविकेने विचारलं.

त्यांच्या तोंडून शब्द निसटला. "मंगल."

"बघा, आई खूश झाल्या," देविका म्हणाली. पण उदयसिंहचा रिमोट धरलेला हात थांबला. त्याने आवाज बंद केला.

"कुठलं मंगल, अम्मा? तिचं का आपलं?"

तिचं, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की सोमवारी पुन्हा शाळेचं फाटक, पुन्हा तो रस्ता, आणि तो चिमुकला हात आपल्याच हातात. नाही म्हटलं तर खांब. तेवढ्यात त्यांच्या बोटांत लहान बोटं येऊन शिरली. सौम्या नुसती घट्ट धरून राहिली. ही बोटं रस्त्यात धावत आली होती.

"आपलं, रे," सकवारबाई म्हणाल्या. "कालपण आपलंच होतं. परवा मी दुसऱ्याच पोरीचा हात धरून चालले. ही मागून धावली, रिक्षाखालीच यायची. हिला आणायला मला पाठवू नकोस आता."

देविका येऊन त्यांच्या गुडघ्यांशी बसली. उदयसिंहने रिमोट खाली ठेवला. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. आधी का नाही सांगितलंस?"

"भ्याले. अजूनही भ्यालेच आहे. पण मला खांबाला बसवू नका, बाबा. कुणी आलं की नाव सांगा. एवढंच."

"मी देविका," सून हळूच म्हणाली.

गच्चीवरून पुन्हा हाक आली. "अम्मा, पिक्चर क्लियर आहे का?"

सकवारबाईंचा हात नातीच्या हातातून सुटला नव्हता.

"सांग त्याला, उदया," त्या म्हणाल्या. "खाली ये म्हणावं, कॉफी पी. पेटी चांगली आहे. जुनीसुद्धा चांगलीच होती."