शुक्रवारी दाखवलेली खोली

मी एक जुनी मांडणी आहे. सागवानी, तीन फळ्यांची, सोलापुरातल्या एका विणकर गल्लीत सोजरबाईंच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला ठोकलेली. आधीच सांगून ठेवते मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. माणूस गोड बोलायला लागला की मला संशय येतो.

माझं लाकूड एका हातमागाचं. तो माग मोडीत निघाला तेव्हा सुताराने त्याच्या फळ्या तासून मला घडवलं. सुरुवातीला काय माझा थाट! चिंचेने घासलेले पितळी डबे, तांबे, परात, सगळं माझ्यावर मांडलेलं असायचं आणि आल्यागेल्या बायका बघतच राहायच्या. मग भिंतीपलीकडे शेड उभी राहिली. तिच्यात टॉवेलचे यंत्रमाग बसले आणि भिंत थरथरायला लागली. भांडी सरकून पडू लागली. एका भाडेकरूने माझ्या कडेला लाकडी पट्टी मारून पाहिली, तरी दोन वर्षांत तीन बिऱ्हाडं उठून गेली. मी रिकामी राहिले, माझ्यावर धूळ बसली.

घरमालकीण सोजरबाई मोठ्या हुशार. शेडला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून खोली दाखवायची ती शुक्रवारीच.

यंदा सत्त्याहत्तर साल. उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी वळसंग गावचं एक जोडपं आलं, बिरप्पा आणि त्याची बायको निंगव्वा. बिरप्पा गिरणीत कायम रातपाळीला. त्याला दिवसा झोप लागेल अशी खोली दोघं महिनाभर शोधत होती. आत पाऊल टाकताच स्वारी खूश. गिरणी चालत दहा मिनिटांवर, नळ दारात, वर ही शांतता. हीच घ्यायची, म्हणून त्याने सांगूनच टाकलं.

निंगव्वा मात्र सरळ माझ्यापाशी आली. तिने मला बोटाने ठोकलं, वाकून खालून बघितलं. मला रागच आला. म्हटलं, वाळवी शोधते की काय ही भवानी? मग तिचं बोट त्या पट्टीवर थांबलं. ही कशाला मारली, असं तिने विचारलं. मांजर भांडी पाडतं म्हणून, असं सोजरबाईंनी ठोकून दिलं. शिवाय संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, काय ते आत्ताच सांगा, अशी घाईही लावली.

निंगव्वाने पिशवीतून तांब्या काढला, नळावर काठोकाठ भरला आणि माझ्या वरच्या फळीवर ठेवला. आमच्यात घर धरायच्या आधी भरला तांब्या एक दिवस ठेवावा लागतो, देवाचं आहे, नाही म्हणू नये, असं ती म्हणाली. सोजरबाई देवाला भिणाऱ्या, त्यांनी मान डोलावली. बिरप्पाने मात्र जन्मात अशी रीत ऐकली नव्हती. तो तोंड उघडणार तोच तिने डोळे वटारले. उद्या संध्याकाळी येतो, असं सांगून ती त्याला घेऊन गेली.

शनिवारी सकाळी शेड सुरू झाली. खरं सांगते, ते पाणी सांडू नये असंच मला वाटत होतं. मलाही बिऱ्हाड हवं होतं, डबे हवे होते. पण भिंतीला ठोकलेलं लाकूड करणार काय? तांब्या थरथरत होता, पाणी हिंदकळत होतं. सोजरबाई दोनदा येऊन फडक्याने मला पुसून, तांब्या पुन्हा भरून गेल्या. पण ही दोघं संध्याकाळची वाट न बघता भर दुपारी दारात उभी राहिली आणि सोजरबाईंना कुलूप काढावंच लागलं.

तांब्या निम्मा झाला होता आणि पट्टीला लागून खडखडत होता. तरी बिरप्पा हट्ट सोडेना. गिरणीत याच्या दसपट आवाज असतो, होईल सवय, असं तो ओरडून सांगत होता.

निंगव्वाने माझ्यावर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "तितं तुमी जागं असता. हितं झोपायचंय की."

बिरप्पा खाली बघू लागला.

"मंगळवारी राती गिरणीत चालत्या साच्यावर डोळा लागला हुता," तो म्हणाला. "हात जाता जाता वाचला. तुला सांगितलं न्हाई."

निंगव्वा भांडली नाही. तिने उरलेलं पाणी दाराबाहेर ओतलं. तांब्या पिशवीत टाकला, त्याचा हात घट्ट धरला आणि दोघं सोजरबाईंच्या समोरून बाहेर पडली. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, तरी गल्लीच्या टोकापर्यंत तिने तो हात सोडला नाही. मित्रांनो, मी पुन्हा रिकामी राहिले, आणि पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही.

काल सोजरबाईंनी माझी पट्टी उपटली, भोकं बुजवली आणि मला हिरवागार रंग दिला. आता विचारण्यासारखी एकही खूण माझ्या अंगावर उरलेली नाही. उद्या शुक्रवार. नवं जोडपं येणार आहे म्हणे, बाई पोटुशी आहे. शेड बंद असेल, मला थरथरताही येणार नाही. तुमच्या ओळखीचं कुणी या गल्लीत खोली बघायला निघालं असेल, तर त्यांना एवढं सांगा मित्रांनो, शनिवारी जा.