साडूची हवेची पेटी

मिस्त्रीच्या करंगळीला बाजारात मान होता. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बाकावर उपडं ठेवायचं, आत हवा जायच्या वाटेत तो करंगळी घालायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, इथे घासा, इथे राहू द्या. वीस वर्षं त्या करंगळीच्या शब्दाबाहेर कुणी गेलं नव्हतं. आणि आता त्याच्या धाकट्या साडूने, जन्मभर पंख्यांच्या जळक्या मोटरींत तार भरणाऱ्या माणसाने, हवा मोजायची पेटी बांधली होती.

पेटी म्हणजे काय, तर मोडक्या कपाटाच्या फळ्या आणि आत व्हॅक्यूम क्लीनरच्या तीन मोटरी. वरच्या भोकावर हेड आवळायचं, स्क्रू फिरवून हेडचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची झडप, ठरावीक उघडायचा आणि बटण दाबायचं. मोटरी हेडमधून हवा ओढतात, शेजारच्या काचेच्या नळीत रंगीत पाणी चढतं. जितकी हवा जास्त, तितकं पाणी वर, आणि तितकंच इंजिन जोरात. मिस्त्रीने हे ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला. मग कळलं की तिसरी मोटर त्याच्याच माळ्यावरची आहे आणि बायकोने ती परस्पर देऊन टाकली आहे. हसू दातांतच अडकलं.

“पडूनच होती ना,” बायको म्हणाली. “माझ्या बहिणीचा नवरा दोन हातांनी काही करतोय, तर तुमच्या पोटात का दुखावं?”

दुखत तर होतंच. मत्सराला वेगळं पान वाढावं लागत नाही. तो आपल्याच ताटातलं खातो. मिस्त्रीची भूक आठवडाभर मेली होती, कारण त्याचं बारा वर्षांचं गिऱ्हाईक, मोटरसायकलच्या शर्यतीत पळणारा लांबटांग्या, म्हणाला होता की यंदा एक हेड तुमच्याकडून आणि एक साडूकडून करून घेतो. पेटीवर ज्याचं जास्त हवा घेईल त्याचं लावीन, आणि पुढची कामंही त्याच्याकडेच. साडूने तीन आठवडे घेतले. चिमूटभर घासायचं, मोजायचं, पुन्हा घासायचं. मिस्त्रीने आपलं अर्ध्या दिवसात उरकलं आणि ती पेटी खोटं बोलते असं बाजारभर सांगत सुटला.

ठरल्या सकाळी तिघं साडूच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमले. साडूचं हेड आधी चढलं. पाणी एकतीसवर थांबलं. मग मिस्त्रीचं चढलं. तेहतीस.

लांबटांग्याने शीळ घातली. मिस्त्रीने साडूच्या चेहऱ्यावर जळफळाट शोधला, पण तो काही सापडला नाही. मोटरींच्या घरघराटावर आवाज चढवून साडू म्हणाला, “भाऊ, तुमच्या बोटाला देवाने डोळा दिलाय. मी हरलो.” आणि आकडा लिहायला वहीवर वाकला. लांबटांग्या आपलं हेल्मेट शोधायला वळला.

मिस्त्रीने सवयीने करंगळी ओली करून हेडच्या बुडाभोवती फिरवली. मागच्या कोपऱ्यात ती गार पडली. तिथे हेडखालचं रबर चिमटलं होतं, आणि त्या फटीतून चोरटी हवा आत शिरून त्याच्या हेडची म्हणून मोजली जात होती. त्याने फट बोटाने दाबली. पाणी तीसवर उतरलं. बोट काढलं. पुन्हा तेहतीस.

कुणी पाहिलं नव्हतं. पेटी खोटं बोलते अशी त्याने गावभर बोंब मारली होती. आज ती खरंच खोटं बोलली, तर नेमकी त्याच्याच बाजूने.

साडू वहीत तेहतीसचा आकडा सुबक काढत होता. त्याखाली त्याने एक रेघ मारली, मग दुसरी. हुंदका नाही, टोमणा नाही. हरणंसुद्धा या पंखेवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं जमतं, हे पाहून मिस्त्रीच्या काळजाला असा चटका बसला की त्याला राहवेना. त्याने बटण बंद केलं.

“लिहू नकोस,” तो म्हणाला. “मागे गळतंय. ग्रीस आण.”

रबर सरळ करून ग्रीस लावलं. तीस. साडूचं हेड पुन्हा चढवलं. एकतीस. त्याच्या बुडाभोवती मिस्त्रीने ओली करंगळी एकदा फिरवली, दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवताना तर त्याने मनात देवाचं नावही घेतलं. पण देव असल्या कामाला येत नाही. बोट कुठेच गार पडलं नाही.

हेड उतरल्यावर त्याने करंगळी आत घातली आणि डोळे मिटले. खालच्या वळणावर एक उंचवटा लागला. असा उंचवटा तो वीस वर्षं प्रत्येक हेडातून घासून सपाट करत आला होता.

“हा ठेवलास?”

“काढायला लागलो की पाणी उतरायचं, भाऊ. का ते मला कळत नाही. तुम्ही सांगा ना.”

मिस्त्रीने करंगळी पुन्हा त्या उंचवट्यावरून फिरवली. लांबटांग्या साडूचं हेड काखेत मारून निघाला. जाताना त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर मिस्त्री कितीतरी वेळ नळाखाली करंगळी चोळत राहिला.

“कोण जिंकलं?” बायकोने विचारलं.

“आपली मोटर,” तो म्हणाला.