सातवा दावा

"सातवा दावा गळला की मास्तरांचं नाव आपोआप गळतं," वकीलबाई म्हणाल्या. "इथे सही करा, काका. एवढंच राहिलंय."

काकांनी पेन घेतलं आणि सवयीनं खुर्ची जराशी बाजूला सरकवली. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मास्तरांना पाय पसरायला जागा लागायची. मास्तरांना जाऊन वर्ष होत आलं होतं. काकांच्या खुर्चीला ते अजून कोणी कळवलं नव्हतं.

काका म्हणजे कंपनीतले रेघेकाका. चिपमधल्या तारा कुठून कुठे जाव्यात याच्या रेघा संगणकावर मारायच्या, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. माणूस असा, की लग्नाच्या फोटोतही कडेला उभा. तेही स्वतःच्या लग्नाच्या. आता पहिल्यांदाच त्यांचं नाव कुठेतरी छापून येणार होतं, वेगवान मेमरी चिपच्या पेटंटवर. पेटंट मिळालं की कंपनी संशोधकाला पितळी पाटी देते. काकूंनी त्या पाटीसाठी भिंतीत खिळा ठोकून घेतला होता आणि पाटी यायची होती तरी खिळा चार जणींना दाखवूनही झाला होता.

अर्जावर नावं दोन होती, मास्तरांचं आणि काकांचं, आणि दावे, म्हणजे 'हे नवं आम्ही शोधलं' असं सांगणारे मुद्दे, सात. अर्ज लिहिला जात होता तेव्हा मास्तर दवाखान्यात होते, आणि पुढे तिथेही नव्हते. वकिलांच्या माणसानं काकांनाच विचारलं होतं, "हा आराखडा कोणी काढला?" काका म्हणाले होते, "मी." ते खरंच होतं. त्या माणसानं आराखड्यात जे जे दिसलं ते सगळं, म्हणजे पहिले सहा दावे, काकांच्या खाती टाकले आणि उरलेला सातवा मास्तरांच्या. आता पेटंट कचेरीतल्या तपासनिसानं नेमकं सातव्यावर बोट ठेवलं होतं. हे आधी कोणीतरी केलेलं आहे, ते सोडा, बाकीचे मंजूर.

"ज्याचा एकही दावा उरत नाही त्याचं नाव ठेवता येत नाही," बाई म्हणाल्या. "कायदाच आहे तसा."

"उरका काका," समोर बसलेले कंपनीचे साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "सही करताय की नकाशा काढताय?"

काकांनी पेन कागदाला टेकवलं.

वळसा कशाला घालतोयस रे, मास्तर म्हणाले.

मेलेली माणसं लोकांच्या स्वप्नात येतात. मास्तर कामाच्या वेळात येत. तार जरा फिरवून नेली, की कानाशी हेच वाक्य. काकांनी हे घरी सांगितलं नव्हतं. काकूंनी लगेच डॉक्टर गाठला असता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, पहिला दावा वाचा बरं."

बाईंनी वाचला. मेमरीच्या कप्प्यांच्या रांगेत, त्यांतली खूण वाचणारा भाग टोकाला न ठेवता मधोमध ठेवणे, जेणेकरून तारेची लांबी निम्मी होऊन वाचन जलद होते.

"हे पिंपाचं आहे."

"कशाचं?"

"पाण्याच्या पिंपाचं. कॅन्टीनमध्ये ते पार टोकाला असायचं. एकदा मास्तरांनी फरफटत मधे आणलं. लादीभर पाणी. कॅन्टीनवाला शिव्या घालतोय आणि हे मला म्हणतायत, 'बघ, आता कोणालाच लांब जावं लागत नाही. आपल्या चिपमध्ये वाचणारा भाग टोकाला कशाला मरायला ठेवलाय?' मी वर गेलो आणि रेघा मारल्या."

"म्हणजे कल्पना त्यांची."

"त्यांची."

"आणि तुम्ही?"

"सांगितलं ना. रेघा मारल्या."

बाईंनी चष्मा काढला. "काका, दुसऱ्यानं सुचवलेलं नुसतं काढून देणारा कायद्यानं संशोधक होत नाही. बाकीचे पाच दावे याच पहिल्याच्या खांद्यावर उभे आहेत. नाव तुमचं जाईल."

"अहो, जिवंत माणसाचं काढून गेलेल्याचं ठेवायचं?" साहेब म्हणाले. "त्यांना पाटी काय कामाची? आणि काका, दोघं गप्पा मारत होतात. कोण बोललं, कोणी ऐकलं, कुणाला आठवतंय?"

वाट सोपी होती. वर्षभरात काकांना ती कल्पना थोडी थोडी आपलीच वाटायला लागली होती. शेजाऱ्याचं भांडं घरात राहून गेलं की काही दिवसांनी हात आपसूक त्याच्याकडे जातो, तसं.

"ऐकलं मी," काका म्हणाले. "ऐकायला मला चांगलं येतं."

"याला पुरावा?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"स्वतःचं नाव खोडायला खोटं बोलणारा माणूस मला या धंद्यात अजून भेटायचाय. यांची शपथ पुरे." बाईंनी दुसरा कागद काढला. "मास्तरांच्या जागी त्यांच्या पत्नीची सही लागेल."

संध्याकाळी काका तो कागद घेऊन मास्तरांच्या घरी गेले.

"या भाऊजी. त्या खुर्चीत नको..." वहिनी बोलून गेल्या आणि ओशाळल्या. "बसा हो, बसा. मलाच मेली सवय."

काका पलंगाच्या कडेवर टेकले.

"ह्यांनी काय केलं होतं हो नक्की? मला सांगायचे, पण मी हो हो करायचे."

"या चिपमधल्या मेमरीचं असं असतं वहिनी, की तिच्यातलं काही टिकत नाही. सारखं तेच तेच पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर पुसलं जातं. मास्तरांनी तिचं वाचणं-लिहिणं झटपट केलं."

"सारखं म्हणजे? रोज?"

"क्षणाक्षणाला."

"कंटाळत नाही ती?"

"मशीन आहे, वहिनी."

वहिनींनी पदराला हात पुसले. मग त्यांनी कागद जवळ ओढला. "नाव एकट्या ह्यांचंच? आणि तुमचं? तुमच्या मंडळींनी तर मला खिळा दाखवला होता."

"तिथे कॅलेंडर लावू."

त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. मास्तरांचं नाव त्यांनी सावकाश, सुटं सुटं लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन अडलं.

"संशोधकाचा राहण्याचा पत्ता," त्यांनी वाचलं. "ह्यांचा? आत्ताचा?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. काकांनी रकान्यावर बोट ठेवलं.

"हाच लिहा."

वहिनींनी घराचा नंबर लिहिला, इमारत लिहिली, रस्ता लिहिला. रकाना भरला तरी कडेला बोटभर जागा शिल्लक होती. तिथे, कोणी विचारलं नसताना, बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं: दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे. बेल बंद आहे, दार वाजवावे.