हॉर्नबी की ट्रायँग

लोपीससाहेबांनी दोन्ही पेट्या लोटनच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "चार दिवस घरी ने. चालवून बघ. एक तुझी, दुसरी मी वसईला नातवासाठी नेणार. कुठली ठेवायची ते तू ठरव. शुक्रवारी गाडीवर ये."

निळ्या पेटीत हॉर्नबीचं इंजिन होतं, लाल पेटीत ट्रायँगचं. दोन्ही वीतभर लांब, विजेवर चालणारी. साहेबांचा भाऊ बोटीवर कामाला होता, त्याने ती विलायतेतून आणली होती. सोबत दोन्ही कंपन्यांचे डबे होते आणि एकाच मापाचे रूळ. साहेब तीस वर्षं इंजिन हाकून आता रिटायर झाले होते. त्यांतली नऊ वर्षं लोटन त्यांचा फायरमन होता.

सत्तावन साली रेल्वेच्या डॉक्टरने लोटनला डोळ्यांच्या तपासणीत नापास केलं आणि तो इंजिनावरून उतरला. वेटिंग रूममध्ये पाणी भरायचं काम देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही. नंतरच्या सहा वर्षांत पिठाची गिरणी झाली, सायकलचं दुकान झालं, मिरचीच्या बाजारात काटा धरून झाला. एकही काम वर्षावर टिकलं नाही. सध्या तो घरीच स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करत असे. स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण तेव्हापासून त्याने फलाटावर पाऊल टाकलं नव्हतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत छोट्या रेलगाडीचा तंबू लावायचा, ही कल्पना मात्र त्याच्या डोक्यात दोन वर्षांपासून होती. घोड्यांच्या बाजारासाठी मुलुखभरातून माणसं येतात, सातपुड्यातून खाली उतरतात. आगगाडी म्हणजे काय हे त्यांतल्या कितीतरी जणांनी नुसतं ऐकलेलं. निरोप द्यायला साहेबांच्या क्वार्टरवर गेला तेव्हा बोलता बोलता तो हे बोलून गेला. साहेब आत गेले आणि या पेट्या घेऊन आले.

यात्रेच्या मैदानात वीज नव्हती, म्हणून गाडी बॅटरीवर चालायला हवी होती. लोटन कोरीटला जाऊन शांतीलाल पाटलांकडून ट्रॅक्टरची बॅटरी मागून आला. पाटील म्हणाले, "परवा नांगरट काढनी शे, तवलोंग ली जा." त्याने ओसरीवर सतरंजी गुंडाळून जागा केली, रूळ अंड्याच्या आकारात जोडले, तारा लावल्या आणि हॉर्नबीचं इंजिन ठेवलं.

इंजिन ओतीव धातूचं होतं, तळहातावर वजनाच्या मापासारखं बसायचं. त्याने एक एक करून सात डबे लावले, तरी ते कुरकुरलं नाही. रुळांवरून जाताना त्याचा खणखणीत आवाज येत होता आणि वळणावर तो आवाज बदलत होता. लोटनला वाटलं, झालं, हीच.

मग त्याने ट्रायँग काढलं. ते हलकं होतं, दिसायला देखणं, आणि त्याच्या धुराड्यात तेलाचा थेंब सोडला की चालताना धूर निघायचा. खेळण्यातलं इंजिन आणि धूर! यात्रेतला माणूस यासाठीच तंबूत शिरणार. त्याने थेंब सोडला आणि कळ फिरवली.

फुलवंताबाई हातातलं सूप ठेवून दाराशी आली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. नवऱ्याचे सगळे धंदे तिने बसताना पाहिले होते, त्यामुळे ती सहसा कशाला वाखाणत नसे. पण आता ती खाली बसली.

"माय वं, धूर निंघी ऱ्हायना ना," ती म्हणाली. "दखा ना, कसा गोल गोल."

"हां," लोटन म्हणाला. "भारी शे."

त्याला धूर दिसला नव्हता.

इंजिन पुन्हा समोरून गेलं. त्याने डोळे बारीक केले, मान वाकडी केली. काळा ठिपका सरकताना दिसत होता. त्याच्यावर काहीच नव्हतं. फुलवंता आत गेल्यावर त्याने बोट धुराड्यावर धरलं. बोटाला ऊब लागली, तेलाचा वास आला. म्हणजे धूर होता.

त्या दिवसापासून त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. सकाळी तो म्हणे ट्रायँग, कारण लोक धूर बघायला येतील. जेवताना म्हणे हॉर्नबी, जास्त डबे ओढते, चार दिवस सतत चालवायची म्हणजे वजनदारच बरी. दोन्ही कंपन्यांचे डबे जोडायचे आकडे वेगळे होते, एकीचे डबे दुसरीच्या इंजिनाला लागत नव्हते, म्हणून इंजिन हॉर्नबीचं आणि डबे ट्रायँगचे असा मधला मार्गही नव्हता. त्याने पंचवीस फेऱ्या याच्या मोजल्या, पंचवीस त्याच्या. दुरुस्तीला आलेले स्टोव्ह तसेच पडून राहिले. बाजारात मिरचीच्या ढिगांमधून उगाच फिरून यायचा, घरी येऊन पुन्हा पेट्या उघडायचा.

"एक काय ते ठरावा ना," फुलवंता तिसऱ्या दिवशी म्हणाली. "धूरवाली चांगली शे. मन्हं आईकतस का तुम्ही?"

"तुले काय समजस इंजिनमां?"

"इंजिनमां नही समजत. तुमले समजस मी." ती थोडं थांबली. "तीन दिवस व्हयनात, धड जेवतस नही. काय व्हयनं शे?"

तो उठला. चप्पल घालून बाहेर गेला आणि बॅटरी परत द्यायला कोरीटची वाट धरली.

शुक्रवारी दुपारी दोन्ही पेट्या पिशवीत घालून तो स्टेशनवर गेला. सहा वर्षांनी. इंजिन पाणी घेत होतं. कोळशाचा वास नाकात गेला, तरी तो चालत राहिला. लोपीससाहेब खिडकीशी बसले होते, ट्रंक पायाशी होती.

"ठरलं?" त्यांनी विचारलं.

"नाही ठरलं, साहेब." तो डब्यात चढला आणि समोरच्या बाकावर बसला. दोन्ही पेट्या मांडीवर घेतल्या. एक पुढे करी, मग ती मागे घेऊन दुसरी पुढे करी. गार्डाची शिट्टी झाली.

"अरे, उतर," साहेब म्हणाले.

तो उतरला नाही. गाडी हलली. फलाट मागे गेला, वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांचा लाल पट्टा खिडकीतून सरकला. ढेकवद स्टेशन मागे गेलं तेव्हा लोटन एकदम म्हणाला, "साहेब, हिचा धूर मला दिसत नाही."

"कुणाचा?"

"या लाल पेटीतलीचा. बायकोला दिसतो. मी हो हो म्हणतो." तो बोलतच गेला. "तेव्हापण असंच होतं. नापास व्हायच्या आधी वर्षभर. सिग्नल मला नीट दिसत नव्हता. तुम्ही विचारायचात आणि मी अंदाजाने हाळी द्यायचो. खांडबाऱ्याच्या अलीकडे एकदा मी सिग्नल पाडलाय, वाट मोकळी आहे म्हणालो आणि तुम्ही तरी ब्रेक मारला. सिग्नल पडलेला नव्हता. मला ठाऊक आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मलाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मीच लिहून दिलं, माझ्या फायरमनचे डोळे तपासा म्हणून."

सहा वर्षं लोटन शोधत होता, हे कुणी केलं. इंजिनांच्या शेडमधल्या दोघातिघांशी त्याने बोलणं तोडलं होतं. एकाच्या मुलीच्या लग्नाला गेला नव्हता.

"तुम्ही मला आधी सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेला असतास. त्याच्या आधीच्या तपासणीला तेच केलं होतंस. बरोबर?"

लोटन उठून दाराशी गेला. वारा तोंडावर येत होता. खांडबाऱ्याला उतरून जायचं, पेट्या फलाटावर ठेवायच्या आणि या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं. खांडबारा आलं. गाडी थांबली. तो दांडी धरून उभा राहिला. एक बाई टोपलं घेऊन त्याच्या बाजूने चढली, एक म्हातारा उतरला. डब्यांमागे डबे उभे होते आणि प्रत्येक खिडकीत माणसं होती. ब्रेक मारला त्या दिवशीही असतील. त्या माणसांचा विचार त्याने तेव्हा केला नव्हता, नंतरही नाही. गाडी सुटली तेव्हा तो बाकावर परत येऊन बसला होता.

मग साहेबांनी जेवणाचा डबा उघडला आणि एक पोळी त्याच्यापुढे धरली. लोटनने ती घेतली. भूक लागली होती. चार दिवसांत पहिल्यांदा.

नवापूर यायच्या आधी त्याने लाल पेटी साहेबांच्या ट्रंकेवर ठेवली. "ही नातवाला. पोराला धूर आवडेल. मला कानांनी चालवायची आहे, म्हणून हॉर्नबी."

"नक्की?"

"आता विचारू नका. परत बदलेल."

साहेब हसले. लोटन हसला नाही, पण उतरताना त्यांनी पुढे केलेला हात त्याने हातात घेतला. परतीच्या गाडीला तीन तास होते. ते त्याने नवापूरच्या फलाटावर येरझारा घालत काढले.

घरी आल्यावर त्याने फुलवंताला सगळं सांगितलं, सिग्नलचंसुद्धा.

"मंग धूर नही दिसना ते सांगाले काय व्हयनं व्हतं?" ती शेवटी म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.

डिसेंबरात सारंगखेड्याला तंबू लागला. पहिल्याच दिवशी लोटनचा हिशेब फसला. बाहेर घोडे खिंकाळत होते, आत माणसं दाटली होती, आणि रुळांचा आवाज त्याला मुळीच ऐकू येत नव्हता. तंबूतल्या अंधुक उजेडात काळा ठिपकाही दिसेना, गाडी कुठे आहे ते कळेना. वळणावर वेग कमी करायला उशीर झाला, डबे घसरले आणि लोक हसले. मग फुलवंता दारावरून उठून आत आली. तिकिटांचं काम तिने भावाकडे, भटूकडे दिलं आणि ती लोटनच्या शेजारी उभी राहिली.

"वळणवर उनी," ती सांगे, आणि तो कळ फिरवी. "सीधी गई. सोडा आते."

चार दिवस त्यांनी तशी गाडी चालवली. डोंगरातून आलेल्या एका बाईने तंबूत तीनदा येऊन ती पाहिली. तिसऱ्यांदा खाली बसून तिने रुळाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. धूर का नाही, असं विचारणारेही निघाले. लोटन म्हणे, "इंजिन नवीन शे."

पाचव्या दिवशी तंबू उतरवताना फुलवंताला वाटलं, आता माणूस थोडा स्वस्थ बसेल. तो खुंट्या उपटता उपटता थांबला आणि मैदानाकडे बघू लागला.

"काय?" तिने विचारलं.

"एक रूळ कमी पडस आठे," तो म्हणाला. "पुढला साले डबल लाइन टाकूत."

ती दोरी गुंडाळत राहिली. तो मैदानावर पावलं टाकत जागा मोजू लागला होता.