माप अंगाचं

टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारा नवा रबरी होज दुसऱ्यांदा निसटला आणि येलवालच्या चढावर गाडीने मान टाकली, तेव्हा भीमसेन टेलरचं डोकंच फिरलं. गाडी ओढत गॅरेजात आणली.

"जुन्या होजशी ताडूनच आणला होता, सर," मेकॅनिक मंजुनाथ म्हणाला.

भीमसेनने जुना होज दाबून पाहिला. तेल पिऊन रबर फुगलं होतं, सैल पडलं होतं.

"जुना सदरा आणून 'याच मापाचा शिवा' म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो! कापड ताणतं. माप अंगाचं घ्यायचं!"

गळ्यातली टेप काढून त्याने होज ज्यावर बसतो त्या पाइपाभोवती गुंडाळली. मंजुनाथने त्यावरून हिशोब काढून कमी मापाचा होज आणला.

दुसऱ्या दिवशी गाडी तोच चढ एका दमात चढली. भीमसेनने हुश्श केलं. स्टिअरिंगवरची मूठ आपोआप सैल झाली.

शेजारी बसलेली त्याची बायको नागरत्ना म्हणाली, "अय्यो, मग माझं पोलकं वीस वर्षं जुन्या पोलक्यावरूनच का हो शिवता?"

भीमसेनने गाडी कडेला घेतली आणि गळ्यातली टेप काढली.