उकळतं पाणी

पहिला घोट घेताच प्रेमानंदला कळलं, निवळी गोड झालेली नाही.

पनीर काढून उरलेलं हे पाणी डोणगावच्या डेअरीतून आजवर नाल्यातच जायचं. मग मयुरी मॅडम आल्या आणि त्यांनी माणसाएवढा स्टीलचा नळा उभा केला. त्यात साबुदाण्याएवढे मणी, मण्यांवर घट्ट बसवलेलं एन्झाइम. वरून निवळी सोडली की एन्झाइम त्यातली दुधाची साखर फोडायचं आणि खालून गोड पाणी यायचं. एन्झाइम वाहून जात नसे, म्हणून तेच मणी महिनोन् महिने चालणार होते. त्या नळ्यावर मॅडमनी बत्तीस वर्षं कॅन धुणाऱ्या प्रेमानंदला बसवलं. डोक्यावरची नवी पांढरी टोपी पहिल्या दिवशी त्यानं घरी जाईपर्यंत काढली नव्हती.

दुपारी मालक चंद्रशेखर नळ्यापुढे उभे राहिले.

"मॅडम, तुमचे मणीच खराब हायेत. बंद करा हे. पाणी सोडा नाल्यात."

मयुरी हातातल्या कागदावरचे आकडे पुन्हा तपासू लागली. काय बिघडलं ते प्रेमानंदला माहीत होतं.

"चूप बस बे," शेजारी उभा असलेला कॅनवरचा भाऊराव कुजबुजला. "हात दाखवून अवलक्षण काऊन करतं?"

प्रेमानंद नोकरीला लागला, तेव्हा त्यानं धुतलेले कॅन काही जण पुन्हा धुवून घ्यायचे. जातीचं कारण कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत असे. म्हणून तो हात पोळेल इतक्या गरम पाण्यानं धुवायला लागला. ते पुन्हा धुणं थांबायला सहा वर्षं लागली. आता त्याच धुण्यात खोट काढायची होती, आणि तीही स्वतःच्या तोंडानं. त्याला फार वाईट वाटलं.

"मालक, मणी चांगले होते. म्या मारले. काल नळ्याले आंबूस वास आला, म्हून उकळतं पाणी सोडलं."

"काका, गरम पाण्यानं एन्झाइम मरतं, ते नको म्हणून लिहून ठेवलं होतं ना?" मयुरीनं विचारलं.

"वाचलं होतं, मॅडम. पन वासाच्या भांड्यात काही ओतू देत नाही मले हा हात."

जित्याची खोड, दुसरं काय. चंद्रशेखर नळ्यापासून मागे वळले. "प्रेमानंद, उद्यापासून कॅनवर जा. मॅडम, तुम्ही नवे मणी भरा."

फ्रीजमध्ये नळ्यापुरते मणी शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी मयुरी कॅनच्या मोरीपाशी आली.

"काका, नळा रिकामा केला. रिकामा नळा उकळत्या पाण्यानंच धुवायचा असतो. येता का?"

त्यानं टोपी घातली. तासभर तो नळा धूत होता, वरून, खालून, तोटीच्या आतून. मग बाजूला उभा राहिला. नळा निवल्यावर भाऊराव तो पुन्हा धुवायला पाण्याची बादली घेऊन आला, तशी मयुरीनं त्याला हातानं थांबवलं आणि प्रेमानंदनं धुतलेल्या त्याच नळ्यात नवे मणी ओतले.

ते ओतून होईपर्यंत प्रेमानंद बघत होता. मग त्यानं टोपी काढून नळ्याशेजारच्या खुंटीला अडकवली आणि कॅन धुवायला गेला.